जेवणाची सुट्टी मिळालीच पाहिजे



गेल्या वर्षी आम्ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तीस वर्षांची रात्रपाळी, अवेळी खाणे, अपुरी झोप. वजन १२४ किलो, जोडीला मधुमेह. दुर्बिणीद्वारे जठराचा सुमारे ८० टक्के भाग काढला. आज वजन ९१ किलो असून साखर आटोक्यात आहे. हसणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे, लठ्ठपणा हा आजार आहे. शस्त्रक्रियेनंतरही पथ्य सुटत नाही. ब-१२ जीवनसत्त्व जन्मभर घ्यावे लागते. थोडे थोडे, सावकाश, पण वेळेवर खावे लागते. ड्युटीवर त्यासाठी पंधरा मिनिटेही मिळत नाहीत. रेल्वे असो वा टपाल, प्रत्येक शाखेने ही मागणी लावून धरावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!