सांधलेला दगड



अध्यक्षानं भाषण आणावं अशी रीत आहे. मी दगड आणलाय. मोर्शीकडच्या एका विहिरीच्या ढिगाऱ्यातला हा काळा पाषाण. मधून बोटभर रुंदीची पांढरी रेघ गेली आहे. विहीर खोदणारा गडी मला म्हणाला, "सायेब, हा गोटा कवा तरी फुटला होता, मंग कोनं तरी सांधला."

सांधला तो पाण्यानं. ही रेघ कॅल्साइटची आहे. सौम्य आम्लाचा थेंब टाका, फसफसेल. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, तडकला. पुढे पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या तडांत उतरलं. त्यानं खडकातलं कॅल्शियम विरघळवलं आणि पुढे कुठेतरी नेऊन बसवलं. गारगोट्या म्हणून आपण पोरवयात जमवल्या, त्यांतल्या कित्येक या खडकातल्या तडा-पोकळ्यांत वाढल्या.

पण एकट्या पाण्याची ही करामत नाही. वरच्या खडकाचं ओझं भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींवर दाबत असतं. जिथे टोकाला टोक भिडतं, तिथला खनिज भाग दाबामुळे लवकर विरघळतो. कडा जवळ येतात, भेग आवळते. उलट, जिथे ताणाचा जोर असतो तिथे भेगेच्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे ताणलेले बंध पाणी तोडतं. कोरडा खडक जो ताण सहज सोसेल, त्याच ताणाखाली ओला खडक हळूहळू चिरत जातो. शिवाय या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन फुगणारी चिकणमाती तयार होते, ती भेगेत बसली की वाट बंद.

वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत बोअरमागून बोअर गेले. एकाला पाणी, तीस फुटांवरचा कोरडा. आपण पानाड्याला हसतो. पण भेग उघडते-मिटते हे विसरून आपले भूजलाचे नकाशेही तिला कायमची पन्हळ समजतात. हा आपलाच आळस आहे, असं मला वाटतं. दर्यापूरकडचा खारपाणपट्टा यात ओढू नका, तिथे पूर्णेचा गाळ आहे, त्याचं गणित निराळं. सालबर्डीचा गरम झरा मात्र जरूर ओढा: ऊन पाणी खडकाशी अधिक झपाट्यानं बोलतं.

भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की काय होतं, ते कोयना धरणानं दाखवलं. 1962 पासून जलाशय भरत गेला आणि 11 डिसेंबर 1967 ला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्याचा दाब भेगेच्या कडांना आतून ढकलतो, त्यांची पकड सैलावते. तिथले लहान धक्के अजून थांबलेले नाहीत.

पाण्यानं जे केलं ते आता माणूसही करू लागलाय: आइसलंडमध्ये 2012 पासून कार्बन डायऑक्साइड कायमचा गाडण्यासाठी पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. त्यातला 95 टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचं 2016 मध्ये जाहीर झालं. आपल्या काळ्या पाषाणातही तो गुण आहे, हे ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. माझा प्रश्न विहिरीवाल्याचा आहे: वायूचा दगड भेगेतच बसला, तर पाणी कुठून झिरपणार?

म्हणून एकच मागणी. विहिरीची पातळी मोजता, तसा एखादा बोअर निवडा आणि त्याच्या भेगांतून पाणी किती वाहतं ते दर साली मोजा, त्यात काय विरघळलंय तेही. एका माणसाची नोकरी त्यात सरेल. दगड इथेच टेबलावर ठेवतो. चहाच्या वेळी हातात घेऊन पाहा, रेघेच्या एका टोकाला अजून केसभर फट उघडी आहे.