कालचे ओझे आणि आजचा धडा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आपण सारे मिरजेचे. सतारमेकर गल्लीतून जाताना तारा जुळविण्याचा आवाज आपल्या कानांवर लहानपणापासून पडतो. पण हे वाद्य बनविणारे कारागीर मूळचे कोण, याचा विचार आपण क्वचितच करतो. हे लोक मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे. १८१८ साली पेशवाई संपली. इंग्रजी अमलात तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. पिढ्यान् पिढ्या चाललेला धंदा बसला.

अशा वेळी दारात बसून जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत राहणे सोपे होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांनी सतार आणि तंबोरा हाती घेतला. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि तारा यांतून नवा उद्योग उभा राहिला. घोडीला कानस लावून 'जवारी' काढताना केसभर चूकही चालत नाही. धार लावण्यात मुरलेला हात तेथे उपयोगी पडला असावा, असे मला वाटते. तलवार सुटली, हातातले कसब सुटले नाही. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे थोर गवई मिरजेत राहिले आणि येथील तंबोऱ्याची कीर्ती दूरवर गेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या घराघरांतून भूतकाळ मुक्कामाला बसला आहे. कोणी म्हणतो, "आमचे आजोबा मोठ्या हुद्द्यावर होते." कोणी म्हणतो, "आम्हाला कोणी शिकू दिले नाही, आता पोरांनी तरी शिकून काय करायचे?" पहिला अभिमान, दुसरी खंत. दोन्ही खरी असतील. पण मुलाची आजची फी त्यांतून भरत नाही आणि आजचा अभ्यासही होत नाही.

दोष केवळ पालकांचा नाही. शिक्षक म्हणून माझीही एक चूक आज आपणांपुढे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा सहामाहीत गणितात नापास झाला. त्यानंतर त्याने हात वर केला की मी म्हणत असे, "सहामाहीत काय दिवे लावलेस ते ठाऊक आहे." वर्ग हसायचा. हळूहळू तो हात वर करेनासा झाला. मग शाळेतच येईनासा झाला. पुढे त्याची वही माझ्या हाती आली. शेवटच्या पानांवरची उदाहरणे अचूक सोडविलेली होती. मी ती तपासलीच नव्हती. माझ्या लेखी तो सहामाहीतच थांबला होता. प्रत्यक्षात तो पुढे गेला होता. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यामुळे तो मुलगा परत आला नाही. मात्र तेव्हापासून नापास झालेल्या मुलाची वही मी सर्वांत आधी तपासतो. मागच्या चुकीचा एवढाच उपयोग आहे.

विद्यार्थी मित्रांनो, गेल्या वर्षीचे गुण, मग ते कमी असोत वा जास्त, यंदाचा पेपर सोडवायला येणार नाहीत. यंदाचा अभ्यास यंदाच करावा लागेल.

आणि माता-भगिनींनो, आपणांपैकी कित्येकींची शाळा सातवीतच सुटली असेल. ते दुःख मनात धरून मुलीचे दप्तर खुंटीला टांगू नका. तिला शाळेत पाठवा.

आज घरी गेल्यावर मुलाची वही मागा, आणि त्याने आज लिहिलेले पान आधी उघडा. मागील पाने नंतर पाहता येतील.