साथीच्या दिवसांतील हृदयविकार

साथ आली म्हणजे इतर रोग रजेवर जातात, असें कोणी म्हटल्यास सुशिक्षित मनुष्य हंसेल. परंतु २०२० सालच्या मार्च महिन्यांत इटलींतील हृदयरोग-विभागांत नेमका असाच भास झाला. कोव्हिडच्या पहिल्या लाटेंत, १२ ते १९ मार्च या आठवड्यांत, तेथील ५४ रुग्णालयांत हृदयविकाराचा तीव्र झटका आलेले ३१९ रुग्ण दाखल झाले. आदल्या वर्षीं त्याच आठवड्यांत हा आंकडा ६१८ होता. मग उरलेले गेले कोठें? निम्म्या लोकांचीं हृदयें वर्षभरांत सुधारलीं असें मानावें, तर दुसरा आंकडा आड येतो. हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या मोठ्या झटक्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४.१ होतें, तें १३.७ झालें. आलेल्यांपैकीं पुष्कळांना उपचार उशिरां मिळाले. घरींच राहिलेल्यांची तर गणतीच नाहीं.

रोहिणींत रक्ताची गुठळी अडकली कीं तिच्यापुढील स्नायूला प्राणवायु मिळेनासा होतो, आणि तो हळूहळू मरूं लागतो. मेलेला स्नायु पुन्हां उगवत नाहीं. म्हणून रुग्ण येतांच दहा मिनिटांच्या आंत हृदयाचा विद्युत्-आलेख काढावा. सोय असल्यास नव्वद मिनिटांच्या आंत फुग्याच्या साह्यानें रोहिणी मोकळी करावी. तें वेळेवर जमण्यासारखें नसल्यास गुठळी विरघळविणारें औषध द्यावें, असा वैद्यकांतील दंडक आहे. साथीच्या आरंभीं चीनमधील डॉक्टरांचा कल या औषधाकडे अधिक होता, कारण संसर्गाची खबरदारी घेऊन पुढील तयारी करण्यांत मोलाचा वेळ जाई.

तथापि खरा विलंब रुग्णालयाच्या दाराबाहेरच होत होता. हाँगकाँगच्या एका रुग्णालयांत लक्षणें सुरू झाल्यापासून वैद्यकीय मदत गांठेपर्यंतचा मध्यम काल पूर्वीं सुमारें ८२ मिनिटें असे. २०२० च्या जानेवारीअखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभीं तो ३१८ मिनिटांवर गेला. हे रुग्ण अवघे सात होते, तेव्हां पुरावा तोकडा खरा. पण इटलींतील अनुभव त्याच दिशेचा आहे. लोकांची भीति अगदींच निराधार नव्हती. मात्र टळूं शकणाऱ्या संसर्गाला भिऊन त्यांनीं समोर उभा असलेला मृत्यु घरांत ठेवून घेतला.

आपल्याकडील शहरी घरांत तर साथ नसतांनाही पहिला तास बहुधा पित्तावर खर्ची पडतो. ओंवा, सोडा, थोडें पडून राहणें! छातीवर दडपण, दरदरून घाम, जबड्याकडे अथवा हाताकडे सरकणारी कळ हीं लक्षणें ठाऊक असतात. परंतु मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत कधीं केवळ धाप व थकवाच दिसतो, हें विसरलें जातें. अशा वेळीं महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते. रुग्णानें स्वतः गाडी चालवूं नये. दुखणें किती वाजतां सुरू झालें, तें मात्र घरच्यांनीं कागदावर टिपून बरोबर न्यावें. गुठळीवरील औषध द्यावयाचें कीं नाहीं हें ठरवितांना डॉक्टर प्रथम तेंच विचारतात.