पेंग्विन गप्प बसतो तेव्हा



मुंबईत राणीच्या बागेत काचेपलीकडचे पेंग्विन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हे हम्बोल्ट जातीचे पक्षी. काचेला नाक लावून पोरं ओरडत असतात, हे आपले खुशाल पोहत असतात. पण चिली-पेरूच्या किनाऱ्यावर राहणारे त्यांचे भाऊबंद भारी बुजरे.

चिमणी भुर्रकन उडाली की ती घाबरली, हे आपल्याला कळतं. पेंग्विनला उडता येत नाही, आणि अंड्यावर बसलेला पेंग्विन सहसा जागचा हलतही नाही. आपण म्हणतो, ‘किती माणसाळलाय!’ आणि फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकतो. त्याच्या छातीत काय चाललंय, ते दिसत नाही. चिलीत अभ्यासकांनी ते मोजलं. २००६ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. दीडशे मीटरवरून एकटा माणूस चालत गेला, तरी अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या हृदयाचे ठोके वाढले. ते पूर्ववत व्हायला कधी कधी अर्धा तास लागला. जिथे पर्यटकांची वर्दळ जास्त, तिथे पिल्लंही कमी जगली. अंटार्क्टिकात पर्यटकांना पाच मीटर लांब राहायला सांगतात. हम्बोल्टपुढे त्या नियमाचा काय पाड? उलट अर्जेंटिनातल्या पुंता तोंबोचे मॅगेलन पेंग्विन, याच कुळातले, माणसांना बरेच सरावलेत. तेव्हा एकाचा कायदा दुसऱ्याला लावून चालत नाही.

आता ड्रोन. अंटार्क्टिकात स्कुआ नावाचा दांडगा समुद्रपक्षी वरून येऊन अंडी-पिल्लं पळवतो, त्यामुळे घरट्यावरच्या पेंग्विनचा एक डोळा आभाळाकडे असतोच. तिथल्या आर्डली बेटावरच्या एका प्रयोगात ड्रोन पन्नास मीटर उंचीवर होता, तरी अ‍ॅडेली पेंग्विन अस्वस्थ झाले. वीस मीटरच्या खाली आल्यावर तर फारच. पण मी ड्रोनला सरसकट दोष देणार नाही. अंटार्क्टिकातल्याच डेंजर बेटांवरची अ‍ॅडेलींची साडेसात लाख जोडपी मोजताना ड्रोनचीच मदत झाली. शास्त्रज्ञ परवानगी घेऊन, उंची ठरवून उडवतात. हौशी माणसाला तर चित्र जवळूनच हवं असतं.

तुमच्यापैकी कुणी केपटाऊनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर जाणार असेल, तर लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरू नका. तिथला आफ्रिकन पेंग्विन २०२४ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आणि ड्रोन कृपा करून घरीच ठेवा.