आद्याक्षरे आणि आशय

(परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



अर्थशास्त्राच्या माणसाने तुमच्यापुढे स्मरणशक्तीविषयी बोलावे, हा थोडा आगाऊपणाच आहे. परंतु परीक्षेपूर्वीचा वेळ हे दुर्मीळ साधन असून त्याचा विनियोग कसा करावा, हा आमच्याच शास्त्राचा प्रश्न होय.

न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ मध्ये नवजात अर्भकाची प्रकृती अजमावण्याची गुणपद्धती तयार केली. त्वचेचा वर्ण, नाडी, उद्दीपनाला प्रतिसाद, स्नायूंची हालचाल आणि श्वसन यांना प्रत्येकी ० ते २ गुण. मोजणी जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. पुढे १९६२ मध्ये डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी त्यांच्या आडनावाच्या पाच इंग्रजी अक्षरांवरच हे पाच निकष बसविले: अपिअरन्स, पल्स, ग्रिमेस, ॲक्टिव्हिटी, रेस्पिरेशन. इतके सोयीचे स्मरणसूत्र विरळाच! तथापि नाडी मिनिटाला शंभराच्या खाली असल्यास एकच गुण द्यावयाचा, हे ती अक्षरे सांगत नाहीत. बाळ श्वास घेत नसेल तर गुणांसाठी पहिले मिनिट संपण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचे असतात, हेही त्यांत नाही. सूत्राने नावे आठवतात; आशय वेगळा शिकावा लागतो.

सदोष सूत्र तर घातकच. औषध देतानाचे पाच दंडक घ्या: योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ. मराठी आद्याक्षरे होतात रु, औ, मा, मा, वे. घाईत दोन्ही ‘मा’ म्हणजे मात्राच, असे वाटून मार्ग निसटू शकतो. उत्तरपत्रिकेत त्याने एक गुण जाईल. वॉर्डात मात्र पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण सौम्य न करता शिरेतून एकदम दिले गेले, तर रुग्णाचे हृदय बंद पडू शकते. चुकीची किंमत तेथे चूक करणारा मोजत नाही.

म्हणून सूत्र स्वतः बनवा आणि पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तपासा. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी पुन्हा. विस्मरण सुरुवातीलाच सर्वाधिक वेगाने होते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखविले होते. प्रत्येक अक्षरापुढे नुसते नाव नको, त्याचा अर्थही लिहा. आणि ‘मार्ग’ऐवजी ‘वाट’ घ्या: रु, औ, मा, वा, वे. एरवीही आपण ‘तोंडावाटे’, ‘शिरेवाटे’ असेच म्हणतो.