आधी तोल, मग पायडल

मे महिन्याच्या सुटीत कोकणातल्या हातखंब्यासारख्या गावात एखाद्या अंगणात छोटी सायकल दिसते, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची दोन लहान चाकं लावलेली. मूल तिच्यावर दिवसभर फिरतं, पण ती चाकं काढू या म्हटलं की पाय मागे घेतं. घरची मंडळी त्याला भित्रं ठरवून मोकळी होतात. माझ्या मते मुलाचा अंदाज अगदी बरोबर असतो. आजवर जे शिकलो ते या नव्या सायकलीवर उपयोगी पडणार नाही, हे त्याच्या अंगाला कळलेलं असतं.

दोन चाकांची सायकल उभी राहते ती सतत सावरून घेतल्यामुळे. ती उजवीकडे कलली की हँडल किंचित उजवीकडेच वळवायचं; मग चाकं अंगाखाली येतात आणि तोल परत मिळतो. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक छोटी प्रायोगिक सायकल बनवली. फिरती चाकं भोवऱ्यासारखी सायकल तोलून धरतात, हा जुना समज तपासायला त्यांनी तो परिणामच रद्द केला होता. तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वाराविना सावरत गेली, कारण ज्या बाजूला कलेल त्या बाजूला तिचं पुढचं चाक आपोआप वळत होतं. आधाराची चाकं नेमकं हे कलणंच बंद करतात. त्या सायकलीवर मूल तीनचाकीसारखं वळतं: हँडल उजवीकडे फिरवलं की अंग डावीकडे फेकलं जातं. दुचाकीवर वळताना अंग वळणाच्या आत झुकावं लागतं. म्हणजे वर्षभराचा सराव उलट्या सवयीचा झाला. पायडल मारायला तेवढं ते शिकलं, पण तो या विद्येचा सोपा भाग.

इतिहासातही क्रम आधी तोल, मग पायडल असाच आहे. १८१७ साली जर्मनीत मानहाइमला कार्ल ड्राइस यांनी जी दुचाकी चालवली तिला पायडलं नव्हती; स्वार जमिनीला पाय मारत पुढे जाई. पायडलं आली १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. मुलालाही याच वाटेनं न्यावं. आधाराची चाकं काढाच, पण त्याबरोबर पायडलंही काढा. (डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे विसरून पुष्कळ जण पाना मोडेस्तोवर जोर लावतात.) सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील, आणि ब्रेक मुलाच्या बोटांना दाबता येतो का ते पाहा. मग ढकलाढकल त्याची त्यानंच करायची. कधी पाय उचलायचे, कधी टेकायचे, हे त्याच्या हातात राहिलं की नकार टिकून राहायला कारणच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुन्या पिढीचा: आम्ही पडूनच शिकलो, काय बिघडलं? पण ती पिढी शिकली कशी ते नीट आठवून पाहावं. मोठ्यांची सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून हाफ पायडल. घसरली तर पाय जमिनीपासून फार दूर नसायचा, आणि आधाराचं चाक तर नव्हतंच. शिवाय पडून शिकलेले लोकच हे अभिमानानं सांगतात. पडले आणि पुन्हा सायकलीकडे फिरकलेच नाहीत, ते अशा गप्पांत बोलत नाहीत. सीट मागून धरून "धरलंय, धरलंय" म्हणत गुपचूप सोडून देण्याची युक्तीही याच पठडीतली. उत्साही मुलावर ती चालून जाते. पण जे मूल आधीच बिचकतंय, त्याला यातून पहिला धडा मिळतो तो सायकलीचा नव्हे, मोठ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये हा.

दुसरा आक्षेप जागेचा, आणि तो खरा आहे. आपला मुलूख चढउताराचा, जांभ्याच्या कातळावर पडलं तर गुडघा सोलवटतोच. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात तर शिकवूच नये. मात्र उताराला सरसकट शत्रू मानण्याचं कारण नाही. आपण मुलाला "हळू चालव" म्हणतो, पण सायकल जितकी हळू तितकं सावरणं अवघड. हँडल मोठ्या फरकानं वळवावं लागतं आणि ती डगमगते. सपाटीवर पाय मारून पुरेसा वेग चटकन येत नाही, तो अगदी सौम्य, गवताळ उतारावर आपसूक मिळतो. उताराच्या शेवटी सपाटी किंवा थोडा चढ हवा, म्हणजे सायकल आपणहून थांबते. शाळेच्या पटांगणाची एखादी कड किंवा भात कापून झालेल्या कोरड्या शेताचा तुकडा पुरेसा असतो. मूल पाय उचलून सरळ आणि वळणावरही तोल धरू लागलं की पायडलं परत बसवावीत, सीट हळूहळू वर घ्यावी.

"सायकल आली, आता दुकानावर जाऊन ये" हे मात्र त्याला लगेच सांगू नये. हातखंब्याचा तिठा म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता एकत्र येण्याची जागा; तिथे अवजड वाहनांची वर्दळ चालूच असते. मागच्या गाडीचा अंदाज घेणं, वळताना हात दाखवणं, ट्रक जवळून गेला तरी हँडल न हलवणं, ही वेगळी तालीम आहे आणि तिला तोल शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो. तोवर वाडीतली पायऱ्यांची पाखाडी नसलेली, गाड्या न येणारी वाट बरी.