पडलेला दात



मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. मग पुढचे दोन दात पडले. ‘स’ म्हणायला गेलो की नुसती हवा निघे. पोरे हसत. मी चारचौघांत बोलणेच सोडले. भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खाऊ लागलो.

बाजारात रस्त्यावर बसणाऱ्या एकाने दात पक्के चिकटवून दिले. स्वस्तात काम झाले, असे मला वाटले. पण त्यांच्याखाली अन्न कुजले. हिरडी सुजली. शेजारचा चांगला दातही गेला.

मग तालुक्याला शिकलेल्या दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी आधी हिरडी बरी केली. मग मऊ लगद्यात जबड्याचा ठसा घेतला. त्यावरून तीन दातांची कवळी केली. ती काढता येते, घालता येते. पहिले काही दिवस तोंडात खडा धरल्यासारखे वाटले. पुढे सवय झाली.

कवळी जेवणानंतर धुवावी. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात घालू नये, ती वाकडी होते.

दात पडला तर जागा वर्षानुवर्षे मोकळी ठेवू नका. शेजारचे दात तिकडे कलतात. वेळेवर दंतवैद्याला दाखवा.

आता ऐका माझा ‘स’: साखर, सासर, संसार! आता हसा बरे कोणी!